नेपियर नावाची एवढी माणसं: सगळी एकाच घरातली का?

गोठेवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा चमत्कारिक आहे, पण तीन दिवस डोक्यातून जात नाहीये.

आमच्या जनावरांना हत्ती गवत घालतो, त्यालाच नेपियर म्हणतात. परवा पुतणीचा अभ्यास घ्यायला बसलो तर तिथे लॉगरिदम शोधणारा जॉन नेपियर. हे मेहुण्याला सांगितलं, तर तो म्हणाला चेन्नईला नेपियर ब्रिज आहे. मग मला शाळेतला सिंध जिंकणारा चार्ल्स नेपियर आठवला. रात्री नेटवर बसलो तर आणखी घोळ. लॉर्ड नेपियर किती तरी, चार्ल्स नेपियर दोन, तेही एकाच काळातले, एक घोड्यावर आणि एक जहाजावर. शिवाय एक जहाजं बांधणारा आणि एक ज्ञानकोशाचा संपादक.

हे सगळे एकाच घराण्यातले का? की आपल्याकडे जाधव भेटतात तसे गावोगावचे वेगळे? स्कॉटलंडच्या आडनावांतलं कुणाला कळत असेल तर सांगा. आणि गवत यात कुठून आलं तेही सांगा.

तारवाला

यादीत एक राहिला. टेलिफोनच्या लांब तारेत आवाज किती क्षीण होतो ते मोजायचं एक एकक आहे, नेपर. १ नेपर म्हणजे साधारण ८.६८६ डेसिबल. नोकरीच्या सुरुवातीला जुन्या केबलच्या कागदांवर हे दिसायचं आणि मला वाटायचं छापताना 'पेपर'चं नेपर झालंय. साहेबांनी सांगितलं, बाबा रे, हा तुझ्या लॉग टेबलवाला नेपियर. नावाचं स्पेलिंग बदललं कसं, ते विचारायचं राहूनच गेलं.

रणशिंग

आडनावाची कथा मला माहीत आहे. स्कॉटलंडमधल्या लेनॉक्सच्या अर्लचा, म्हणजे बड्या सरदाराचा, डोनाल्ड नावाचा मुलगा. लढाईत राजाची फौज मागे हटत होती, तेव्हा यानं वडिलांचं निशाण हातात घेतलं, उलटा फिरून शत्रूवर तुटून पडला आणि लढाई फिरवली. राजा सगळ्यांसमोर म्हणाला, याला 'ना पीअर', म्हणजे याच्या तोडीचा कुणी नाही. त्याला जमिनी दिल्या आणि आडनाव पडलं नेपियर. अंगावर काटा येतो की नाही?

लॉगबाई

रणशिंग, काटा येतो खरा. पण दरबारी शाबासकीतून आडनाव निघाल्याच्या गोष्टी घराणं मोठं झाल्यावर सुचतात. खरी व्युत्पत्ति फार घरगुती आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये टेबलावर अंथरायच्या कापडाला 'नाप' म्हणत. राजाच्या किंवा मोठ्या सरदाराच्या घरी ही अंथरायची, हात पुसायची कापडं धुऊन, मोजून, घडी घालून सांभाळणारा एक कारभारी असे. तो नेपरर, त्याचंच पुढे नेपियर. आपला नॅपकिन त्याच घरचा, छोटं नाप. एप्रनसुद्धा मुळात नॅप्रन. 'अ नॅप्रन' म्हणता म्हणता न मागे चिकटला आणि एप्रन उरला. म्हणजे हॉटेलातल्या टेबलावर नॅपकिन, स्वयंपाक्याच्या अंगावर एप्रन आणि गोठ्यात नेपियर ही तिन्ही भावंडं समजा. आपल्या फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या पंगतीत बसवायचं हे आडनाव. मी वर्गात त्याला 'फडकेनीस' म्हणायचे, मुलं विसरत नसत.

गोठेवाले, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. आडनाव हुद्द्यावरून पडलेलं, आणि असा हुद्दा एकाच वाड्यात नसतो. त्यामुळे सगळे नेपियर एका पोटचे असायचं कारणच नाही.

तारवाले, स्पेलिंगचं तुम्ही साहेबांना विचारलं नाहीत ते बरं झालं. जॉनच्या काळात आडनावाला एकच ठरलेलं रूप नव्हतंच. नेपर, नेपेर, नेपेअर, कागदागणिक वेगळं. लॅटिनमध्ये नेपेरस. एककाला त्यातलं नेपर चिकटलं, घराण्याला नेपियर.

आता मूळ पुरुषाकडे, जॉनकडे येते. तीस वर्षं गणित शिकवलं आणि दर वर्षी या माणसाला पाठ्यपुस्तकात एकच ओळ मिळताना बघितली, तेव्हा इथे मी हात आखडता घेणार नाही.

मर्चिस्टनचे नेपियर हे मुळात एडिंबराचे व्यापारी. पंधराव्या शतकात त्यांच्यातला अलेक्झांडर नेपियर शहराचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्षासारखा, होता. त्यांनी शहराबाहेर मर्चिस्टनला दगडी बुरूजवाडा बांधला. १५५० साली जॉन तिथे जन्मला, तेव्हा बाप स्वतः १६ वर्षांचा होता. हा बाप पुढे टांकसाळीचा प्रमुख झाला. आई ऑर्कनीच्या बिशपची बहीण. या बिशपमामानं मेहुण्याला पत्र लिहिलं की पोराला फ्रान्सला नाहीतर फ्लँडर्सला शिकायला धाडा, घरी राहून त्याचं काही भलं होणार नाही. मामा तो मामाच. पोरगा १३ व्या वर्षी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेला, पण पदवी काही घेतली नाही.

त्याला प्राध्यापक समजू नका. तो जमीनदार. पेशा म्हणाल तर शेतीत मीठ खत म्हणून वापरून बघ, खाणीतलं पाणी उपसायचा स्क्रू तयार कर, आणि उरलेला वेळ बायबल. १५९३ साली त्यानं प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा अर्थ लावणारा ग्रंथ छापला आणि तो थेट सहाव्या जेम्स राजाला अर्पण केला. जगाचा शेवट १६८८ ते १७०० च्या दरम्यान, असा त्यात हिशेब आहे. डच, फ्रेंच, जर्मन भाषांतरं झाली. आपलं मोठं काम हेच, असं त्याला वाटायचं. लॉगरिदम हा त्याच्या लेखी फावल्या वेळातला उद्योग, आणि तो फावला वेळ वीस वर्षांचा.

शेजारीपाजारी त्याला मांत्रिक समजत. काळ्या कोंबड्याची दंतकथा त्याच्याच नावावर आहे. घरात चोरी होऊ लागली. त्यानं नोकरांना सांगितलं, अंधाऱ्या खोलीत एकेकानं जा आणि माझ्या कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवा, चोराचा हात लागला की तो आरवेल. सगळे जाऊन आले, कोंबडा काही आरवला नाही. मग त्यानं सगळ्यांचे तळहात बघितले. कोंबड्याला काजळी फासलेली होती. ज्याचे हात स्वच्छ तो चोर, कारण त्यानं भीतीनं हात लावलाच नव्हता. घडलं असेल नसेल, पण गणितज्ञाला शोभते.

१६१४ मध्ये लॉगरिदमचं पुस्तक आलं. लंडनच्या ग्रेशम कॉलेजातले प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज ते वाचून इतके झपाटले की १६१५ च्या उन्हाळ्यात थेट एडिंबराला निघाले. त्या काळी हा प्रवास कित्येक दिवसांचा. असं सांगतात की ब्रिग्ज खोलीत आले आणि दोघं पाव तास एकमेकांकडे नुसते बघत राहिले, तोंडातून शब्द नाही. ब्रिग्ज महिनाभर राहिले. १ चा लॉग शून्य आणि १० चा लॉग १ ही आपल्याला शाळेत शिकवलेली सोय त्या मुक्कामातली. जॉनच्या मूळ कोष्टकात १ कोटीचा लॉग शून्य होता आणि संख्या लहान होत गेली की लॉग वाढायचा. ती कोष्टकं ज्याला परीक्षेत वापरावी लागली नाहीत, त्यानं ब्रिग्जला हात जोडावेत. पुढच्या उन्हाळ्यात ब्रिग्ज पुन्हा गेले. तिसऱ्यांदा जाणार होते, पण ४ एप्रिल १६१७ ला जॉन गेला. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६२० सालचं ग्रहांचं पंचांग जॉनला अर्पण केलं, तेव्हा तो हयात नव्हता.

मुलगी एडिंबराला शिकत होती तेव्हा मी मर्चिस्टनला जाऊन आले. बुरूज अजून उभा आहे, पण विद्यापीठाच्या काँक्रीटच्या इमारतींच्या मधोमध. १९६४ ला तिथे नेपियरच्याच नावानं तंत्रमहाविद्यालय निघालं, त्याचंच आता एडिंबरा नेपियर विद्यापीठ. पोरं बुरुजाच्या भिंतीला टेकून सँडविच खात होती. मी उगाचच दगडावर हात फिरवला आणि मग तळहात बघितला. काजळी नव्हती.

घराण्याचं पुढचं थोडक्यात. जॉनचा मुलगा आर्चिबाल्ड १६२७ साली पहिला लॉर्ड नेपियर झाला. चार्ल्स वगैरे मंडळी त्याच वंशातली, सरळ रेषेत.

तारवाला

बाई, साष्टांग नमस्कार. साहेबांना आज फोन करतो.

वंशावळ

बाईंचा पूर्ण आदर राखून एक दुरुस्ती. 'सरळ रेषेत' नाही. मधे रेषा तुटली आणि तीन बायकांनी जोडली.

तिसरे लॉर्ड नेपियर अविवाहित. त्यांना पुढचं दिसत होतं, म्हणून १६७७ मध्ये त्यांनी किताब राजाला परत करून नव्यानं लिहून घेतला, बहिणींकडून पुढे चालेल असा. १६८३ ला ते गेले. किताब एका बहिणीच्या मुलाकडे, टॉमस निकल्सनकडे. तो पोरवयात गेला. मग १६८६ मध्ये दुसरी बहीण मार्गारेट ब्रिस्बेन स्वतः पाचवी लेडी नेपियर. तिची मुलगी एलिझाबेथ 'मिस्ट्रेस ऑफ नेपियर'. तिकडे लॉर्डच्या वारसाला 'मास्टर ऑफ अमुक' म्हणतात, बाई असली तर मिस्ट्रेस. एलिझाबेथचं लग्न थर्लस्टेनच्या विल्यम स्कॉटशी झालं, पण ती आईच्या आधी, १७०५ ला वारली. त्यामुळे १७०६ मध्ये आजीकडून किताब आला तो छोट्या नातवाकडे, फ्रान्सिस स्कॉटकडे. त्यानं आडनाव नेपियर घेतलं.

म्हणजे सहाव्या लॉर्डपासून पुढचे यच्चयावत नेपियर बापाकडून स्कॉट. सिंधवाला चार्ल्स या फ्रान्सिसचा नातू. जहाजावरचा चार्ल्सही याचाच नातू, म्हणजे दोघे चुलत भाऊ. जनरल १७८२ चा, ॲडमिरल १७८६ चा, त्यामुळे घोळ होतो. लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये पुतळा आहे तो जनरलचा. न्यूझीलंडमधलं नेपियर शहर, १९३१ च्या भूकंपात पडलं ते, तेही जनरलच्याच नावाचं.

लॉगबाई

वंशावळ, मान्य. वर्गात असतात तर फळा तुमच्या हातात दिला असता. नेपियर नाव राखलं ते मावशी, आई आणि आजीनं, आणि पुस्तकात नावं आली फक्त नातवांची. एट्रिक नावाचा उलगडाही आत्ता झाला. पुढच्या एका लॉर्ड नेपियरला 'एट्रिक' हा जोडकिताब मिळाला होता आणि मला कळत नव्हतं मर्चिस्टन सोडून एट्रिक कुठून. थर्लस्टेन त्या एट्रिकच्या खोऱ्यात. म्हणजे स्कॉट आजोबांचा मुलूख.

जनरलसाहेबांबद्दल एक. सिंध घेतल्यावर त्यांनी 'पेक्कावी' अशी एका शब्दाची तार धाडली, असं सगळे सांगतात. लॅटिनमध्ये 'मी पाप केलं', इंग्रजीत 'आय हॅव सिन्ड', सिंधवरचा श्लेष. त्यांनी काही धाडलं नाही. ती कोटी कॅथरीन विंकवर्थ नावाच्या तरुणीला सुचली आणि १८४४ मध्ये पंच मासिकानं... चुकले, साप्ताहिकानं छापली. कोटी बाईची, श्रेय जनरलचं. आज हाच विषय दिसतोय.

गोठेवाला

बाई, वंशावळ, मी हे सगळं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. आता राहिले ते सांगा. जहाजं बांधणारा, ज्ञानकोशवाला, चेन्नईचा पूल. आणि गवत!

लॉगबाई

पूल आधी. तो फ्रान्सिस, दहावा लॉर्ड नेपियर. तोच तो एट्रिकवाला. १८६६ ते १८७२ मद्रासचा गव्हर्नर. पूल १८६९ चा. तिरुवनंतपुरमचं नेपियर म्युझियमही त्याच्याच नावाचं. १८७२ च्या फेब्रुवारीत पोर्ट ब्लेअरला व्हाइसरॉय मेयोचा खून झाला, तेव्हा नवा माणूस येईपर्यंत दोनेक महिने हाच कामचलाऊ व्हाइसरॉय.

पण मला तो वेगळ्या कारणानं आठवतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला आणि बेटांवर क्रॉफ्टर म्हणून छोटे शेतकरी. कसायला चतकोर तुकडा, जमीन मालकाची, मालकाच्या मनात आलं की हाकला. एकोणिसाव्या शतकात मेंढ्या पाळण्यासाठी गावंच्या गावं उठवली. १८८२ मध्ये स्काय बेटावर ब्रेझच्या लोकांनी चराऊ कुरणावरून भाडं अडवलं, पोलिसांवर बायकापोरांनी दगड भिरकावले. सरकारनं १८८३ मध्ये चौकशी आयोग नेमला आणि अध्यक्ष हा नेपियर, स्वतः जमीनदार. लोकांना काय वाटलं असेल बघा. कोल्ह्याला खुराड्याची चौकशी.

आयोगाची पहिली बैठक मे महिन्यात ब्रेझलाच बसली. पहिला साक्षीदार उभा राहिला आणि गेलिक भाषेत म्हणाला, मी खरं बोललो म्हणून मालक मला घराबाहेर काढणार नाही याची आधी हमी द्या. साक्ष नंतर. आयोगानं हमी द्यायचं अंगावर घेतलं नाही, मालकाच्या कारभाऱ्याला ती द्यावी लागली. मग माणूस बोलला. त्याच्यामागून शेकडो बोलले. १८८४ ला अहवाल आला, तो अपेक्षेपेक्षा बराच क्रॉफ्टरांच्या बाजूचा. १८८६ मध्ये कायदा झाला आणि खंड वेळच्या वेळी भरणाऱ्या क्रॉफ्टरला जमिनीवरून हाकलता येईना. आयोगाच्या साऱ्याच शिफारशी कायद्यात उतरल्या असं नाही, पण नाव राहिलं नेपियर कमिशन. कूळकायदा ज्यांच्या घरात घडला त्यांना ही गोष्ट जास्त सांगावी लागत नाही.

जहाजवाला रॉबर्ट नेपियर, १७९१, डंबार्टनचा. लोहारकाम करणारं घर. लॉर्डबिर्ड काही नाही. हा ग्लासगोत क्लाइड नदीवर बोटींची वाफेची इंजिनं करू लागला. क्यूनार्ड कंपनीच्या पहिल्या चार अटलांटिक जहाजांना इंजिनं याचीच, १८४० ची ब्रिटानिया त्यातली. क्लाइडच्या जहाजबांधणीचा बाप म्हणतात त्याला. मला विचाराल तर आडनावाला खरा न्याय दिला तो यानं. फडकी घडी करणाऱ्यापासून निघालेलं नाव, हातानं काम करणाऱ्याकडेच शोभतं.

ज्ञानकोशवाला मॅकव्हे नेपियर, १७७६ चा. याची गंमत अशी की हा जन्मला नेपियर मॅकव्हे. आजोबांची इच्छा म्हणून नाव उलटं केलं आणि झाला मॅकव्हे नेपियर. पुन्हा आईकडचंच घराणं! एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या सातव्या आवृत्तीचा संपादक, आणि जोडीला एडिंबरा रिव्ह्यूचाही.

गवत शेवटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुलावायोला कर्नल नेपियर म्हणून एक होते. त्यांनी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आताच्या झिंबाब्वेच्या, शेतकी खात्याच्या मागे लागून हे आफ्रिकेतलं रानगवत चाऱ्यासाठी करून बघायला लावलं. गवत त्यांनी शोधलं नाही, तिथल्या गुरांना ते आधीपासून ठाऊक होतं.

आता पुतणीसाठी. लॉग तिला अवघड वाटत असतील तर आधी जॉनच्या 'हाडांवरून' सुरुवात करा. १६१७ मध्ये त्यानं गुणाकाराच्या पट्ट्या काढल्या, हस्तिदंताच्या केल्या की हाडांसारख्या दिसत म्हणून ते नाव. पुठ्ठ्याच्या करा. एका अंकाची एक पट्टी, तिच्यावर त्या अंकाचा पाढा वरून खाली, प्रत्येक घरात तिरकी रेघ, रेघेच्या वर दशक आणि खाली एकक. ३८७ गुणिले ६ हवंय? ३, ८, ७ च्या पट्ट्या शेजारी लावा आणि सहावी ओळ वाचा: १८, ४८, ४२. आता उजवीकडून तिरक्या पट्टीत बेरीज. २ एकटे. मग ४ आणि ८ बारा, २ लिहा, हातचा १. मग ४ आणि ८ आणि हातचा, तेरा, ३ लिहा. शेवटी १ आणि १, २. उत्तर २३२२. पाढा पाठ नसलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे त्या क्षणी बघा.

वंशावळ

रॉबर्ट नावाचा आणखी एक आहे, अॅबिसिनियात, म्हणजे इथिओपियात, १८६८ ला मग्दाला घेणारा जनरल. त्याचा 'लॉर्ड नेपियर ऑफ मग्दाला' हा वेगळा किताब आहे, मर्चिस्टनच्या किताबाशी मिसळू नका. नेटवर तुम्हाला जास्तीचे लॉर्ड दिसले त्याचं कारण तेच.

गोठेवाला

पुतणीनं काल खाद्याच्या पोत्यातला पुठ्ठा कापून पट्ट्या केल्या. पट्टीपट्टीवर नाव घातलंय, 'फडकेनीस'. ३८७ बरोबर आलं. पण ४०५ गुणिले ७ करायला गेली तर ३१५ येतंय. ती म्हणते जॉन चुकला.

लॉगबाई

जॉन नाही चुकला. तिनं ० ची पट्टी केलीच नाहीये. नुसत्या शून्यांची पट्टी कशाला करायची म्हणून सोडली असणार, दर वर्षी वर्गातली निम्मी पोरं सोडायची. करायला सांगा, सगळ्या घरांत शून्य. मग २८३५ येईल.